वितळत्या सीमेचे गणित : रायगड किनाऱ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

१. विषयप्रवेश

उष्णतेच्या विश्लेषणासाठी आज ज्या संगणकीय आज्ञावली वापरल्या जातात, त्यांत पदार्थाचे वितळणे व गोठणे यांचे प्रतिरूप उभे करण्याची सोय बहुधा असतेच. विद्यार्थी पदार्थाची घनता, विशिष्ट उष्णता, उष्णतावाहकता, वितळबिंदू आणि सुप्त उष्णता हे पाच आकडे भरतो, सीमेवरील अटी सांगतो, आणि थोड्याच वेळात घन व द्रव यांच्यामधील सीमा पडद्यावर सरकू लागते. हे दृश्य इतके विश्वासार्ह भासते की, या सीमेचा हिशोब प्रथम कोणी मांडला, तो कोणत्या गरजेतून मांडला गेला आणि त्यासाठी कोणत्या तडजोडी कराव्या लागल्या, हे प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाहीत. प्रस्तुत निबंधात या प्रश्नांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करावयाचा आहे.

या विचारासाठी रायगडचा किनारा निवडला आहे. १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात निसर्गतः बर्फ नाही. तथापि उरण, रेवस, थळ, अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातील मासेमारी आज बर्फावाचून चालत नाही. येथील वाड्यांतील नारळाचे तेल दर हिवाळ्यात थिजते व उन्हे वर आली की पातळ होते. पेण तालुक्यात, धरमतर खाडीच्या परिसरातील डोलवी येथे वितळलेल्या पोलादाच्या लाद्या ओतल्या जातात. म्हणजे शून्य, चोवीस-पंचवीस आणि पंधराशे अंश सेल्सियस अशा तीन अगदी भिन्न तापमानांना घडणारी अवस्थांतरे या एकाच किनाऱ्यावर रोजच्या व्यवहाराचा भाग झालेली आहेत, आणि या तिन्हींचे गणित एकच आहे.

निबंधाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : सुप्त उष्णतेचा शोध लागून अडीचशेहून अधिक वर्षे लोटली, तरी ती गणनेतून निसटून जाण्याचा धोका आजही संपलेला नाही, आणि तो धोका वेळीच ओळखण्यासाठी या गणनेच्या इतिहासाइतके उपयुक्त साधन दुसरे नाही.

२. शब्दांची साक्ष

आरंभी आपल्या भाषेकडे पाहणे उचित होईल. ‘बर्फ’ हा शब्द फारसीतून आला. कोकणातील सामान्य माणसाला घन स्वरूपातील पाणी ठाऊक होते ते क्वचित पडणाऱ्या गारांच्या रूपाने. परंतु अवस्थांतराची क्रियापदे मात्र मराठीत विपुल आहेत. पाणी गोठते, तूप व खोबरेल थिजते, लाख व मेण वितळते, मीठ पाण्यात विरघळते. यांपैकी ‘वितळणे’ आणि ‘विरघळणे’ यांत बोलीभाषा फारसा भेद करीत नाही. बर्फ ‘विरघळला’ असे आपण सर्रास म्हणतो. शास्त्रीय लेखनात हा भेद पाळावा लागतो, कारण विरघळण्यास दुसरा पदार्थ लागतो, वितळण्यास केवळ उष्णता लागते.

‘थिजणे’ हा शब्द मात्र शास्त्राच्या दृष्टीनेही अर्थपूर्ण आहे. पाणी गोठते ते एका निश्चित तापमानाला. खोबरेल तसे गोठत नाही. ते प्रथम गढूळ होते, मग दाटते, आणि शेवटी घट्ट होते. त्यात अनेक प्रकारच्या स्निग्धाम्लांचे संयुग-रेणू असल्यामुळे त्याला एक वितळबिंदू नसून वितळण्याचा पट्टा आहे. तो साधारणतः बावीस ते सव्वीस अंशांच्या दरम्यान पडतो. पोलादाचेही तसेच. शुद्ध लोखंड एका तापमानाला गोठते, पण कर्ब व इतर मूलद्रव्ये मिसळलेले पोलाद एका पट्ट्यात गोठते, आणि त्या पट्ट्यात घन स्फटिक व द्रव यांचा लगदा असतो. या लगद्याने पुढे गणितज्ञांना किती त्रास दिला हे यथाक्रम येईलच.

३. बर्फाचा समुद्रप्रवास

अमेरिकेतील बोस्टनचे व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यांनी तळ्यांवरील नैसर्गिक बर्फ कापून उष्ण प्रदेशांत पाठविण्याचा व्यापार उभा केला. १२ मे १८३३ रोजी ‘टस्कनी’ नावाचे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून कलकत्त्यास निघाले. विषुववृत्त दोनदा ओलांडून सप्टेंबरमध्ये ते पोचले तेव्हा त्यात सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, असा बर्फ मुंबईसही आला. खांदेरी-उंदेरीवरून मुंबई बंदरात शिरणाऱ्या जहाजातून बर्फ उतरावा ही गोष्ट त्या काळी नवलाची होती.

या नवलामागील हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. चार महिन्यांत सुमारे ८० टन, म्हणजे अंदाजे ८१,००० किलोग्रॅम बर्फ वितळला. एक किलोग्रॅम बर्फ शून्य अंशावर वितळण्यास सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. यावरून जहाजाच्या कोठारात शिरलेली एकूण उष्णता सुमारे २ कोटी ७० लाख किलोज्यूल ठरते. चार महिन्यांचे सेकंद सुमारे १ कोटी ४ लाख होतात. भागाकार केला असता सरासरी उष्णताप्रवाह सुमारे २.६ किलोवॅट येतो. दोन-तीन घरगुती विजेच्या इस्त्र्यांतून निघावी एवढीच ही उष्णता आहे. दुहेरी फळ्या, भुसा व गवत यांच्या आवरणाने विषुववृत्तावरील उन्हाला एवढ्यावर रोखून धरले होते.

या हिशोबात कोणतीही आज्ञावली लागली नाही, वेळेनुसार सीमा कशी सरकली याचा विचारही करावा लागला नाही. फक्त किती बर्फ नाहीसा झाला एवढे मोजले. लाव्हाझिये आणि लाप्लास यांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात नेमके हेच तत्त्व वापरून बर्फाचा उष्णतामापक तयार केला होता : वितळलेले पाणी तोला, म्हणजे आत आलेली उष्णता कळेल. त्या अर्थी ‘टस्कनी’ हे जहाज एक प्रचंड उष्णतामापकच होते. साधा उष्णतेचा ताळेबंद किती दूरपर्यंत नेऊ शकतो, याचे हे उत्तम उदाहरण होय. आणि पुढील सर्व विवेचनात हा ताळेबंदच आपला कसोटीचा दगड राहणार आहे.

४. ब्लॅक यांचा प्रयोग व त्यांचा युक्तिवाद

सुप्त उष्णतेची कल्पना ग्लासगो येथील जोसेफ ब्लॅक यांनी १७६१-६२ च्या सुमारास सिद्ध केली. तोपर्यंतची सर्वसाधारण समजूत अशी होती की, बर्फ वितळबिंदूपर्यंत तापला की त्यानंतर अगदी थोडी उष्णता मिळताच तो सर्वच्या सर्व पाणी होतो. ब्लॅक यांनी या समजुतीस दिलेले उत्तर प्रथमतः प्रयोगाचे नसून निरीक्षणाचे होते. ही समजूत खरी असती तर वसंत ऋतूतील पहिल्याच उबदार दिवशी डोंगरावरील सारा बर्फ एकदम वितळून भयंकर पूर आले असते. प्रत्यक्षात तो आठवडेच्या आठवडे हळूहळू वितळत राहतो.

त्यानंतरचा प्रयोग साधा, पण निर्णायक होता. दोन सारख्या काचगोलांपैकी एकात गोठणबिंदूलगतचे थंड पाणी व दुसऱ्यात तितकाच बर्फ घेऊन ते एका मोठ्या दालनात टांगण्यात आले. पाण्याचे तापमान अर्ध्या तासात फॅरनहाइट मापाने ३३ वरून ४० अंशांवर, म्हणजे ७ अंशांनी चढले. बर्फाला वितळून ४० अंशांपर्यंत येण्यास साडेदहा तास, म्हणजे एकवीस अर्धे तास लागले. दोन्ही गोलांना उष्णता सारख्याच वेगाने मिळत होती असे धरले तर बर्फाने ७ गुणिले २१, म्हणजे १४७ अंशांइतकी उष्णता घेतली. त्यांपैकी ३२ पासून ४० पर्यंत चढण्यास ८ अंश खर्ची पडले. उरलेले १३९ अंश तापमापकावर कोठेच दिसले नाहीत. सेल्सियस मापात हे सुमारे ७७ अंश होतात. आजचे मान सुमारे ८० आहे. काचेचा गोल, तापमापक आणि घड्याळ एवढ्याच सामग्रीवर मिळविलेले हे उत्तर पाहता ब्लॅक यांच्या कौशल्याविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

५. सरकती सीमा

किती उष्णता लागते याचे उत्तर मिळाले. परंतु सीमा कोणत्या क्षणी कोठे असेल हा प्रश्न त्याहून अवघड होता. फूरिये यांनी १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या उष्णतावहनाच्या सिद्धांतात पदार्थाची सीमा आधी ठाऊक असते. वितळण्यात ती ठाऊक नसते, तीच शोधावयाची असते; आणि ती कशी सरकते हे तापमानाच्या वाटणीवर अवलंबून असते, तर तापमानाची वाटणी सीमेच्या जागेवर. दोन अज्ञात राशी परस्परांत अशा गुंतलेल्या असल्यामुळे समीकरण एकघाती राहत नाही, आणि दोन उत्तरांची बेरीज करून तिसरे उत्तर मिळविण्याची फूरिये यांची युक्ती येथे निरुपयोगी होते.

या प्रश्नाचा पहिला विचार लामे आणि क्लापेरॉन यांनी १८३१ मध्ये केला. त्यांच्यापुढे वितळलेल्या पृथ्वीवर घन कवच कसे बनत गेले हा प्रश्न होता. कवचाची जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, असे त्यांना आढळले. पुढे फ्रान्झ नॉइमान यांनी १८६० च्या सुमारास क्योनिग्सबर्ग येथील आपल्या व्याख्यानांत द्रव व घन या दोन्ही भागांतील तापमानाचा विचार करून अचूक उत्तर दिले. व्हिएन्ना येथील योझेफ स्टेफान यांनी १८८९ च्या सुमारास ध्रुवीय समुद्रावरील बर्फाच्या वाढीच्या नोंदी घेऊन हाच प्रश्न सोडविला, आणि तेव्हापासून ‘स्टेफानचा प्रश्न’ हे नाव रूढ झाले.

वर्गमुळाच्या नियमाचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. बर्फाच्या वरच्या पृष्ठाचे तापमान उणे १० अंशांवर स्थिर ठेवले तर स्टेफान यांच्या साध्या सूत्राप्रमाणे पहिल्या दिवसात सुमारे ११ सेंटिमीटर जाडीचा थर तयार होतो. २२ सेंटिमीटर होण्यास मात्र दोन नव्हे, चार दिवस लागतात. बनलेला थर स्वतःच आवरण होऊन पुढील उष्णतेची वाट अडवितो. डोलवीसारख्या ठिकाणी साच्यातून उतरणाऱ्या पोलादाच्या लादीवर बाहेरून घन कवच जाड होत जाते, तेही ढोबळ मानाने याच नियमाने. कवच पुरेसे जाड होण्यापूर्वी लादी साच्याबाहेर आली तर ते फुटून आतील द्रव पोलाद बाहेर पडण्याचा धोका असतो. स्टेफान यांचा बर्फ आणि ओतशाळेतील पोलाद यांचे नाते असे निकटचे आहे.

६. पोलाद, गणनयंत्र आणि एन्थॅल्पी

नॉइमान यांचे अचूक उत्तर मिळते ते अनंत विस्ताराच्या, स्थिर पृष्ठतापमानाच्या आदर्श पदार्थासाठी. प्रत्यक्षातील चौकोनी लादी, बदलते तापमान आणि वितळण्याचा पट्टा यांपुढे ते थांबते. येथून पुढचा मार्ग संख्यात्मक गणनेचा होता, आणि त्याची गरज पोलादाच्या व्यवसायातून निर्माण झाली. १९४६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एयर्स, हार्ट्री, इंगहॅम, जॅक्सन, सार्जंट व वॅगस्टाफ यांचा घन पदार्थांतील परिवर्ती उष्णताप्रवाहाच्या गणनेवरील निबंध प्रसिद्ध झाला. यांपैकी डग्लस हार्ट्री यांनी मँचेस्टर येथे चक्रे व तबकड्यांच्या साहाय्याने विकलक समीकरणे सोडविणारे यंत्र उभारले होते.

या परंपरेतून जी कल्पना स्थिरावली ती अशी : तापमान ही मुख्य अज्ञात राशी न मानता पदार्थात साठलेली एकूण उष्णता, म्हणजे एन्थॅल्पी, ही मुख्य राशी मानावी. शून्य अंशावरील एक किलोग्रॅम ‘पाणी’ म्हटले तर ते सर्व बर्फ आहे, सर्व द्रव आहे की अर्धे-अर्धे आहे, हे तापमान सांगू शकत नाही, एन्थॅल्पी सांगते. ती ठाऊक असली की तापमान आणि द्रवाचा अंश या दोन्ही गोष्टी तिच्यावरून काढता येतात. सीमेचा पाठलाग करण्याचे मग कारणच उरत नाही. प्रत्येक कोष्ठातील उष्णतेचा ताळेबंद ठेवला की सीमा आपोआप प्रकट होते. या पद्धतीला गणिती दृष्ट्या भक्कम आधार रशियात ओलेइनिक यांनी १९६० मध्ये व कामेनोमोस्तकाया यांनी १९६१ मध्ये दिला. ब्लॅक यांनी जे तापमापकावर दिसत नाही ते मोजावयास शिकविले. एन्थॅल्पीच्या पद्धतीने तेच गणनेच्या केंद्रस्थानी आणून बसविले.

त्याच सुमारास अवकाशयानांच्या गरजेने उष्णतेच्या विश्लेषणास निराळे वळण मिळाले. १९६० नंतरच्या दशकात क्रायस्लर कंपनीत तयार झालेल्या एका आज्ञावलीतून पुढे ‘सिंडा’ ही आज्ञावली विकसित झाली. तीत यानाचा प्रत्येक भाग एक बिंदू व त्यांमधील उष्णतेच्या वाटा ह्या विद्युत्-मंडलातील रोधांप्रमाणे मांडल्या जात. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या चांद्रमोटारीत विद्युत उपकरणांची उष्णता शोषून घेण्यासाठी मेणाच्या पेट्या बसविल्या होत्या. मोटार चालू असताना मेण वितळे, ती थांबली की उत्सर्जक पृष्ठे उघडून उष्णता अवकाशात सोडली जाई व मेण पुन्हा घट्ट होई. अवस्थांतराचा उपयोग हेतुपुरस्सर उष्णता साठविण्यासाठी करणाऱ्या पदार्थांचा अभ्यास यामुळे नेटाने सुरू झाला.

७. पुणे ते मिनेसोटा

आतापर्यंतच्या पद्धतींत एक मोठी उणीव होती. वितळलेला द्रव स्वस्थ राहत नाही. तापलेला भाग वर चढतो, थंड भाग खाली उतरतो आणि या अभिसरणामुळे वितळणाऱ्या सीमेचा आकारच बदलतो. म्हणजे उष्णतेबरोबर द्रवाच्या गतीचेही समीकरण सोडविणे आवश्यक ठरते. या कामी ज्या पद्धतीने जगभर मूळ धरले, तिच्या कर्त्यांपैकी एक सुहास पाटणकर होत. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६२ मध्ये पदवी, मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून १९६४ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधून १९६७ मध्ये डॉक्टरेट, असा त्यांचा शिक्षणक्रम. ब्रायन स्पॉल्डिंग यांच्यासमवेत १९७२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेली ‘सिंपल’ पद्धती आणि १९८० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा उष्णतासंक्रमण व द्रवगती यांच्या संख्यात्मक गणनेवरील ग्रंथ यांनी या विषयाची घडी बसविली. पुढे मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले.

पाटणकर यांच्या मांडणीचे मर्म असे की, निसर्गातील अनेक नियम एकाच साच्याच्या समीकरणात बसविता येतात; ज्या गोष्टी साच्यात बसत नाहीत त्या सर्व ‘उगमपद’ म्हणून एका बाजूस ठेवावयाच्या आणि त्या पदास अशा रीतीने हाताळावयाचे की गणना ढासळू नये. हीच युक्ती १९८७ मध्ये व्हॉलर आणि प्रकाश यांनी अवस्थांतरास लावली. सुप्त उष्णता हे उष्णतेच्या समीकरणातील उगमपद झाले. घन भागात गती नसते ही अट त्यांनी लगद्यास सच्छिद्र पदार्थ कल्पून साधली : द्रवाचा अंश जसजसा कमी होईल तसतसा प्रवाहास होणारा विरोध वाढत जातो, आणि पूर्ण घन झाल्यावर गती जवळजवळ शून्य होते. ब्रेंट, व्हॉलर व रीड यांनी १९८८ मध्ये ही पद्धती गॅलियम या सहज वितळणाऱ्या धातूवर चालवून दाखविली. आजच्या अनेक प्रचलित आज्ञावलींत वितळण्याचे जे प्रतिरूप असते ते मूलतः हेच होय.

८. दोन धडे

येथे इतिहास आपणांस दोन धडे देतो, आणि दोन्ही आजच्या संशोधक विद्यार्थ्याच्या थेट उपयोगाचे आहेत.

पहिला धडा हरवलेल्या उष्णतेचा. काही आज्ञावलींत सुप्त उष्णता ही वाढीव विशिष्ट उष्णतेच्या रूपाने मांडतात. समजा, बर्फाची सर्व सुप्त उष्णता शून्याच्या आजूबाजूच्या एका अंशाच्या पट्ट्यात वाटून दिली. आता काळाची पायरी मोठी घेतल्यामुळे एखादे कोष्ठ एका पायरीत उणे १ अंशावरून अधिक १ अंशावर गेले, तर तो पट्टा मधल्यामध्ये ओलांडला जातो. बर्फास लागणारे सुमारे २.१ आणि पाण्यास लागणारे सुमारे ४.२, मिळून ६.३ किलोज्यूल एवढाच खर्च किलोग्रॅममागे नोंदला जातो. वस्तुतः तो सुमारे ३४० किलोज्यूल असावयास हवा. गणना कोठेही अडत नाही, आज्ञावली कसलीही सूचना देत नाही, चित्रही सुबक दिसते. परंतु त्या कोष्ठापुरते आपण १७६१ च्या मागे गेलेलो असतो. वितळबिंदू गाठताच बर्फ क्षणात पाणी होतो ही जी समजूत ब्लॅक यांनी पुराच्या दाखल्याने खोडून काढली, तीच समजूत यंत्र येथे मुकाट्याने पुन्हा अमलात आणते.

दुसरा धडा चुकीच्या कारणाने जुळलेल्या उत्तराचा. गौ आणि विस्कांटा यांनी १९८६ मध्ये एका बाजूने तापविलेल्या पेटीत गॅलियम वितळवून सीमेचे आकार प्रसिद्ध केले होते. १९८८ ची गणना त्यांच्याशी चांगली जुळली. तीत द्रवात एकच मोठा भोवरा होता. परंतु पुढच्याच वर्षी डँट्झिग यांच्या गणनेत अनेक लहान भोवरे दिसून आले, आणि खरे कोणते यावर बरीच वर्षे मतभेद राहिले. हनून, अॅलेक्सियादीस व माय यांनी २००३ मध्ये दाखविले की, ज्या द्विमितीय समीकरणांवर सर्वांची गणना आधारलेली होती त्यांचे खरे उत्तर अनेक भोवऱ्यांचेच आहे. एकच भोवरा दिसला तो कोष्ठे अतिशय ठोकळ असल्यामुळे. म्हणजे प्रयोगाशी जुळणारे उत्तर हे त्या समीकरणांचे उत्तर नव्हतेच. प्रत्यक्ष पेटी त्रिमितीय होती आणि तिच्या सर्वच भिंती प्रवाहास अडवीत होत्या, ही बाब द्विमितीय प्रतिरूपात मुळी आलेलीच नव्हती.

याच संदर्भात लगद्यातील विरोधाचा गुणांकही लक्षात ठेवावयास हवा. तो पदार्थाचा मोजलेला गुणधर्म नाही. गणना चालावी म्हणून निवडलेला आकडा आहे, आणि संशोधक तो दहा हजारांपासून एक कोटीपर्यंत कोठेही घेतात. खोबरेलासारख्या, पट्ट्यात थिजणाऱ्या पदार्थाच्या बाबतीत हा आकडा बदलताच वितळण्याचा काळही बदलतो. प्रयोगाशी जुळेपर्यंत तो फिरवीत राहणे आणि मग प्रतिरूप ‘सिद्ध’ झाले असे लिहिणे, हा प्रमाद नव्हे तर काय ?

९. दगडी भिंत, खोबरेल आणि मासळीची पेटी

आता किनाऱ्याकडे वळू. १९०४ साली अलिबाग येथे चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येऊ घातल्या होत्या, आणि त्यांच्या प्रवाहामुळे मुंबईतील कुलाबा वेधशाळेचे चुंबकीय वेध दूषित होणार होते. तेथील संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागची जागा निश्चित झाली, आणि १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी समांतर वेध घेऊन नोंदींची सांगड घालण्यात आली. इमारतीसाठी अचुंबकीय असा पोरबंदरी दगड वापरण्यात आला. चुंबकसूचीचे बळ तापमानानुसार बदलत असल्यामुळे अशा दालनातील तापमान शक्य तितके स्थिर राखावे लागते. हे काम जाड दगडी बांधकाम आपल्या वस्तुमानाने करते.

तापमान स्थिर राखण्याचा दुसरा मार्ग अवस्थांतराचा. एक किलोग्रॅम दगड चार अंशांनी तापण्यास सुमारे साडेतीन किलोज्यूल घेतो. एक किलोग्रॅम खोबरेल त्याच चार अंशांच्या पट्ट्यात वितळताना सुमारे शंभर किलोज्यूल घेते. म्हणजे एक किलो तेल सुमारे तीस किलो दगडाचे काम करते. मात्र दगडाचा हिशोब वर्षभर एकच असतो, तेलाचा नसतो. अलिबागच्या हिवाळ्यात रात्र वीस अंशांखाली उतरते व दुपार पंचविसांवर जाते, तेव्हाच हे तेल थिजण्या-वितळण्याचे चक्र पुरे करील. वैशाखात ते अहोरात्र द्रवच राहील आणि त्याचा सारा लाभ नाहीसा होईल. अवस्थांतरशील पदार्थ निवडताना सुप्त उष्णतेच्या मोठ्या आकड्यापेक्षा स्थानिक तापमानाची नोंद अधिक महत्त्वाची आहे, हे यावरून ध्यानात यावे.

या किनाऱ्यावर अवस्थांतराचा ज्यांच्या पोटाशी संबंध आहे ते कोळी बांधव होत. एके काळी मासळी टिकविण्याचे उपाय दोनच होते, ऊन आणि मीठ. मचाणांच्या दोरीवर वाळणारे बोंबील आणि उरण-पेणकडील मिठागरे ही त्याचीच दृश्ये. यांत्रिक होड्या दूरवर जाऊ लागल्यावर बर्फ अपरिहार्य झाला. त्याचा हिशोब असा : ३० अंशांवरील ५०० किलो मासळी शून्यापर्यंत थंड करण्यास, किलोग्रॅममागे अंशाला ३.६ किलोज्यूल धरून, ५४,००० किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. त्यासाठी सुमारे १६० किलो बर्फ खर्ची पडतो. हा खर्च अटळ आहे. पेटीच्या भिंतीतून येणाऱ्या उष्णतेचे तसे नाही. १० चौरस मीटर पृष्ठाच्या पेटीस ५ सेंटिमीटर थर्मोकोलचे कोरडे आवरण असेल आणि बाहेर-आत ३० अंशांचे अंतर असेल, तर सुमारे २०० वॅट उष्णता आत येते व दिवसाकाठी सुमारे ५० किलो बर्फ वितळतो. आवरण निम्म्याने पातळ झाले अथवा त्यात पाणी मुरले, तर हाच आकडा दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो.

चार दिवसांच्या फेरीत पहिल्या पेटीस भिंतीपोटी सुमारे २०० किलो बर्फ लागेल, दुसऱ्या पेटीस ४०० किलो. हा फरक बंदरावरच विकत घ्यावा लागतो, होडीत जागा अडवितो, आणि अंदाज चुकला तर शेवटच्या दिवशीची मासळी विटते. अशा वेळी एखाद्या आज्ञावलीने आठ दिवस बर्फ टिकेल असे सांगितले आणि ते उत्तर वितळलेले पाणी कोठे जाते, झाकण दिवसातून किती वेळा उघडते, आवरण किती जुने आहे, यांचा विचार न करता निघालेले असले, तर त्या सुबक चित्राची किंमत कोण देतो, हे सांगावयास नको. प्रतिरूपातील चूक विद्यापीठात राहते; तोटा बंदरावर होतो.

१०. उपसंहार

वरील विवेचनाचा हेतू संगणकीय प्रतिरूपाविषयी अविश्वास निर्माण करण्याचा नाही. पेटीच्या कोपऱ्यांतून किती उष्णता येते, बर्फाचे थर कोठे आधी संपतात, मेणाच्या आत धातूचे पंख किती अंतरावर बसवावेत, या प्रश्नांची उत्तरे हाताने काढणे जवळजवळ अशक्य आहे आणि तेथे आज्ञावलीवाचून गत्यंतर नाही. परंतु ज्या क्रमाने हे ज्ञान घडले त्याच क्रमाने त्याची तपासणी करावी, असे सुचवावेसे वाटते. प्रथम ब्लॅक व लाव्हाझिये यांच्या रीतीने उष्णतेचा एकूण ताळेबंद जुळतो का ते पाहावे : आत आलेली उष्णता आणि वितळलेल्या वस्तुमानाची सुप्त उष्णता यांत मेळ नसेल तर पुढे जाऊ नये. नंतर आज्ञावलीस नॉइमान यांचा एकमितीय प्रश्न घालावा आणि सीमा काळाच्या वर्गमुळाने सरकते का हे तपासावे. त्यानंतर काळाची पायरी व कोष्ठांचा आकार निम्मा करून उत्तर स्थिर राहते का ते पाहावे; गॅलियमच्या वादाने शिकविलेला धडा हाच. आणि सर्वांत शेवटी प्रयोगाशी तुलना करावी, तीही लगद्याचा गुणांक आधी ठरवून, उत्तर पाहून नव्हे.

या चारही कसोट्यांस मिळून एका दिवसापेक्षा अधिक वेळ लागत नाही. पदव्युत्तर प्रबंधात अवस्थांतराचे प्रतिरूप सादर करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने निष्कर्षांच्या आधी या चार कसोट्यांची कोष्टके द्यावीत, आणि परीक्षकांनी ती आग्रहाने मागावीत. तसेच ज्या विभागांपासून समुद्र दोन-तीन तासांच्या अंतरावर आहे, त्यांनी प्रयोगासाठी गॅलियमची वाट पाहण्याचे कारण नाही. एक बर्फाची पेटी, एक तराजू आणि वितळलेले पाणी मोजण्याचे भांडे घेऊन रेवस किंवा थळच्या बंदरावर चार दिवस घेतलेल्या नोंदी या विषयाच्या अभ्यासात मोलाची भर घालतील, यात शंका नाही.